चूक ओळखणारा मेंदू

सेलूच्या आमच्या वसतिगृहात नव्याने आलेले मूल पाटीवर ‘ळ’ गिरवू लागते, तेव्हा त्याची पेन्सिल वारंवार वाट चुकते. माजी विद्यार्थ्यांना आपली पहिली पाटी आठवत असेल. आपणांस दिसते ती केवळ वाकडी रेघ. परंतु त्या मुलाच्या मेंदूत सुधारणेचे काम सुरू झालेले असते.

नजरेने पाहून हात सावरण्यास सेकंदाचा दशांश वा त्याहून अधिक काळ लागतो. तोवर रेघ पुढे गेलेली असते. म्हणून हाताला आज्ञा देतानाच मेंदू तिच्या परिणामाचा अंदाज बांधून ठेवतो. डोळे, स्नायू व सांधे यांच्याकडून आलेली वार्ता त्या अंदाजाशी ताडली जाते. जी तफावत उरते, तीच चूक. या कामात डोक्याच्या मागील बाजूस असलेल्या अनुमस्तिष्काचा वाटा मोठा आहे. तेथील पुर्किंजे पेशींना वेलीप्रमाणे बिलगलेले तंतू चुकीची वर्दी देतात आणि त्या वेळी कार्यरत असलेले दुवे क्षीण होतात. हे जपानचे मासाओ इतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली प्रयोगाने दाखविले. पुढच्या खेपेस आज्ञाच किंचित बदललेली असते.

तात्पर्य, चुकीवाचून सुधारणेस आधार नाही. मात्र चुकीची वर्दी वेळीच मिळावी लागते आणि पुन्हा गिरविण्याची संधीही. छडीच्या धाकाने जे मूल पाटी लपविते, ते या दोहोंना मुकते. म्हणून पालकांना आमची विनंती आहे, सुटीत मूल घरी आले की वाकड्या अक्षरावर रागावू नका. शेजारी बसा, चूक दाखवा आणि पाटी पुसून पुन्हा त्याच्या हाती द्या.