चिंधीतले विष
बारामतीच्या औद्योगिक वसाहतीपासून इंदापूरजवळून जाणाऱ्या पुणे–सोलापूर महामार्गावरील पंक्चरच्या दुकानांपर्यंत रोजच्या कामात लागणाऱ्या काही वस्तू अशा आहेत, की त्यांची वाफ मुद्दाम हुंगली असता नशा येते. पंक्चरचे सोल्युशन, रंगात मिसळायचे थिनर, व्हाइटनर आणि पेट्रोल ही त्यांची उदाहरणे होत. नेहमीच्या तापमानालाच ज्यांची वाफ होते, अशा या पदार्थांना बाष्पनशील द्रव्ये म्हणतात. ती स्वस्त असून खुलेपणाने मिळत असल्याने लहान मुलांच्या हाती सहज पडतात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १० ते १७ वयोगटातील १.१७ टक्के मुले, तर प्रौढांपैकी ०.५८ टक्के व्यक्ती ही नशा करत असल्याचे आढळले. मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये अधिक असलेला नशेचा हा एकमेव प्रकार होय.

चिंधीवर किंवा पिशवीत घेतलेली ही वाफ फुप्फुसांतून रक्तात आणि तेथून काही क्षणांतच मेंदूत पोहोचते. सोल्युशन व थिनर यांत बहुधा आढळणारे टोल्यूइन हे द्रव्य चरबीत विरघळणारे असल्याने मज्जातंतूंवरील चरबीयुक्त आवरणाला इजा करते, आणि दीर्घकाळच्या सेवनाने स्मृती, तोल व दृष्टी बिघडते. परंतु धोक्यासाठी दीर्घकाळ लागतोच असे नाही. या द्रव्यांमुळे हृदय ॲड्रेनॅलिन या संप्रेरकाला, म्हणजे भीतीच्या किंवा धावपळीच्या वेळी रक्तात सुटणाऱ्या रसायनाला, अतिसंवेदनशील बनते. अशा वेळी मूल दचकले किंवा पळाले, तर हृदयाचे ठोके अनियमित होऊन पहिल्याच खेपेलाही मृत्यू ओढवू शकतो. म्हणूनच नशेत सापडलेल्या मुलावर ओरडणे किंवा त्याचा पाठलाग करणे घातक ठरते. त्याला शांतपणे मोकळ्या हवेत आणावे, ते बेशुद्ध असल्यास कुशीवर निजवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात टोल्यूइनचा समावेश नाही, आणि पंक्चर काढणाऱ्याला सोल्युशन लागतेच; त्यामुळे केवळ पोलिसी कारवाईने हा प्रश्न सुटणारा नाही. दुकानदाराने लहान मुलाला ही वस्तू देण्यापूर्वी कारण विचारणे, शिक्षकांनी कपड्यांना येणारा रसायनाचा वास, तोंडाभोवतीचे पुरळ व अडखळती चाल ओळखणे, आणि पालकांनी मारझोडीऐवजी उपचारांचा मार्ग धरणे, ही खरी तटबंदी होय. ऊसतोडणीच्या हंगामात माळेगाव, सोमेश्वर व भवानीनगर येथील साखर कारखान्यांच्या परिसरात कोप्यांतून, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांतून, राहणारी ऊसतोड मजुरांची अनेक मुले शाळेपासून तुटतात. म्हणून ही जागृती वर्गाच्या चार भिंतींत न थांबता कोप्यांपर्यंत गेली पाहिजे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि संकटातील मुलांसाठी १०९८ हे क्रमांक उपलब्ध आहेत, तर पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र कार्यरत आहे. चिंधी हाती धरलेले मूल गुन्हेगार नसून रुग्ण आहे, हे ज्या गावाला उमगेल, त्या गावातील मूल मदत मागायला घाबरणार नाही.