विजेची शिदोरी

मुंबईच्या रस्त्यांवर विजेची ट्राम १९०७ सालीं धांवूं लागली, आणि ता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदराहून कुर्ल्यापर्यंत हिंदुस्थानांतील पहिली विजेची आगगाडी गेली. मग एखादा चौकस विद्यार्थी साहजिकच विचारील कीं, शंभर वर्षांपूर्वीं ज्या विजेनें उतारूंनीं भरलेली आगगाडी ओढली, तिला चार माणसांची मोटार ओढण्यास एवढा काळ कां लागावा? विजेच्या मोटारी, दुचाकी व बसगाड्या आपल्या रस्त्यांवर आतां कोठें सर्रास दिसूं लागल्या आहेत. मधल्या काळांत अडलें होतें काय?

उत्तर आगगाडीच्या माथ्यावरील तारेंत आहे. आगगाडी आपली वीज बरोबर घेऊन निघत नाहीं. ती वाटेनें तारेंतून घेत जाते. ज्याच्या वाटेवर पावलोपावलीं अन्नछत्र आहे त्या यात्रेकरूस शिदोरीची चिंता नसते. पण मोटार कोणत्या गल्लींत शिरेल आणि कोणता घाट चढेल याचा नेम नाहीं. तिला आपली सगळी शिदोरी पाठीवर बांधूनच निघावें लागतें. विजेच्या मोटारीचा इतिहास म्हणजे बव्हंशीं या शिदोरीचा, अर्थात् बॅटरीचा, इतिहास होय.

रिकामी झाली असतां पुन्हां भरतां येईल अशी पहिली बॅटरी फ्रान्समधील गास्तों प्लांते यांनीं १८५९ सालीं केली. शिशाचे पत्रे गंधकाम्लांत बुडवून ती तयार होई. तिच्या जोरावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यूरोप-अमेरिकेंत विजेच्या मोटारी चांगल्याच चालूं लागल्या होत्या. ताशीं १०० किलोमीटरची मर्यादा ज्या मोटारीनें प्रथम ओलांडली ती पेट्रोलची नव्हती, विजेची होती! बेल्जियमचे कामीय जेनात्सी यांनीं १८९९ सालीं हा पराक्रम केला. ‘कधींच संतुष्ट नसणारी’ अशा अर्थाचें नांव त्यांनीं आपल्या गाडीस दिलें होतें. त्या काळीं पेट्रोलची गाडी सुरू करावयाची तर पुढें लोखंडी दांडा घालून तो जोरानें फिरवावा लागे, आणि दांडा उलटला कीं मनगट मोडण्याचें भय असे. विजेच्या गाडीस ना दांडा, ना धूर, ना गोंगाट. हेन्री फोर्ड हे पेट्रोलच्या मोटारींचे थोर कारखानदार; पण त्यांच्या पत्नी क्लारा स्वतः विजेची मोटार वापरीत.

तरीहि पेट्रोल जिंकलें. १९०८ सालीं फोर्ड यांची स्वस्त गाडी निघाली. पुढें १९१२ सालीं चार्ल्स केटरिंग यांच्या युक्तीनें दांडाहि गेला. त्याच्या जागीं इंजिन सुरू करणारें लहानसें विजेचें यंत्र आलें. विजेच्या मोटारीस रस्त्यावरून घालविण्यास वीजच कामास यावी, ही मोठी गंमत आहे. परंतु खरें कारण वजनाचें होतें. एक किलो पेट्रोलांत, आपल्या विजेच्या बिलांत असतात त्या मापानें, सुमारें १२ युनिट उष्णता असते. एक किलो शिशाच्या बॅटरींत एका युनिटाचा तिसावा हिस्सा मावला तरी पुष्कळ. पेट्रोलच्या इंजिनांत तीन चतुर्थांश उष्णता फुकट जाते, आणि विजेचें यंत्र मिळालेल्या शक्तीपैकीं फारच थोडी वायां घालवितें, हें हिशेबांत धरलें तरी पेट्रोल सुमारें शंभरपट वरचढ ठरतें. एवढी जड शिदोरी घेऊन कोण लांबचा प्रवास करणार? बंगळूरास २००१ सालीं ‘रेवा’ नांवाची चिमुकली विजेची मोटार निघाली, तिच्याहि पाठीवर शिशाचेंच ओझें होतें.

हें ओझें हलकें करण्यासाठीं रसायनशास्त्रज्ञांचें लक्ष लिथियमकडे गेलें. सर्व धातूंमध्यें हा हलका, तेलावरसुद्धां तरंगतो. शिवाय आपल्याजवळचा एक ऋणकण, म्हणजे इलेक्ट्रॉन, देऊन टाकण्यास तो सदा उत्सुक असतो. आणि बॅटरीस हाच गुण हवा असतो. पण जो इतका उदार तो तितकाच तापट! पाण्याशीं संबंध आला कीं तो खवळतो, प्रसंगीं पेटहि घेतो.

या तापट धातूस प्रथम माणसाळविलें तें स्टॅन्ली व्हिटिंगहॅम या इंग्रज शास्त्रज्ञांनीं. १९७० नंतरच्या दशकांत ते अमेरिकेंत काम करीत होते, आणि तेंहि एक्सॉन या तेलाच्या कंपनींत. १९७३ सालीं अरब देशांनीं तेल अडविलें, तेव्हां तेल विकणाऱ्यांसहि तेलाशिवाय दुसरें कांहीं शोधावेंसें वाटूं लागलें होतें. व्हिटिंगहॅम यांची कल्पना समजण्यास आपल्या दप्तरांतील उदाहरण पुरे आहे. आपण पुस्तकाच्या पानांत मोरपीस जपून ठेवतों. पीस आंत गेलें म्हणून पुस्तक फाटत नाहीं, बाहेर काढलें म्हणून पान बिघडत नाहीं. टायटॅनियम व गंधक यांच्या एका संयुगाची रचना अशीच थरांथरांची असते. लिथियमचे कण त्या थरांत शिरतात आणि पुन्हां सुखरूप बाहेर येतात. जुन्या बॅटरींत पदार्थ दर वेळीं मोडून नव्यानें घडत असे, म्हणून तो झिजे. येथें घर तेंच राहतें, पाहुणे तेवढे येतात व जातात. मात्र या बॅटरीच्या दुसऱ्या बाजूस शुद्ध लिथियम होतें. वरचेवर भरण्यानें त्यावर केंसांसारखे तंतु वाढत, ते पलीकडे पोंचले कीं आग लागे. आगीचे बंबवाले इतके वेळां आले कीं, लिथियमची आग विझविण्यास लागणाऱ्या खास रसायनांचे पैसे प्रयोगशाळेकडून वसूल करूं, अशी तंबी त्यांनीं दिली. पुढें तेल स्वस्त झालें, आणि कंपनीनें हें काम सोडून दिलें.

तें पुढें नेलें जॉन गुडइनफ यांनीं. यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचावें. लहानपणीं त्यांस वाचन फार जड जाई. दुसऱ्या महायुद्धांत त्यांनीं सैन्यांत हवामानाचें काम केलें, आणि युद्ध संपल्यावर शिकागो येथें पदार्थविज्ञान शिकण्यास गेले. तेव्हां एका प्राध्यापकांनीं सांगितलें कीं, या शास्त्रांत कांहीं करून दाखविण्याचें वय तुमच्या हातून निघून गेलें आहे. त्या वेळीं त्यांस पुरीं पंचवीस वर्षेंहि झालीं नव्हतीं! १९८० सालीं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, ऑक्सफर्ड येथें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गंधकाच्या संयुगाऐवजीं कोबाल्टचें ऑक्साइड वापरलें. व्हिटिंगहॅम यांच्या बॅटरीचा दाब दोन व्होल्टांहून थोडा अधिक होता, तो एकदम चारावर गेला. या शोधाचें पेटंट घेण्याची तसदी विद्यापीठानें घेतली नाहीं. ज्यावर पुढें अब्जावधींचा व्यापार उभा राहिला, त्यापासून गुडइनफ यांस स्वामित्वधनाचा पैसाहि मिळाला नाहीं. आणि त्याबद्दल ते कुढत बसले नाहींत.

राहिला प्रश्न आगीचा. तो जपानांत सुटला. अकिरा योशिनो चौथ्या इयत्तेंत असतांना त्यांच्या शिक्षिकेनें त्यांस मायकेल फॅराडे यांचें मेणबत्तीच्या रसायनावरील व्याख्यानांचें पुस्तक वाचावयास सांगितलें, आणि तेथूनच या विषयाची गोडी लागली असें ते सांगतात. आमच्या शिक्षकवर्गानें ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. योशिनो यांनीं शुद्ध लिथियमच काढून टाकलें. त्याच्या जागीं त्यांनीं खनिज तेलापासून होणारा एक प्रकारचा कोळसा घातला. यांतहि पानें असतात व लिथियम त्यांत मावतें. ही बॅटरी १९८५ सालीं सिद्ध झाली. मग तिच्यावर वरून जड लोखंडी गोळा टाकून पाहिला. शुद्ध लिथियमच्या बॅटरीनें अशा माऱ्याखालीं भडका घेतला, हिला कांहीं झालें नाहीं. लिथियमच्या बॅटरीचा खरा जन्म त्या क्षणीं झाला, असें योशिनो मानतात.

आतां ही चालते कशी तें पाहूं. बॅटरी भरतांना लिथियमचे कण ऑक्साइडच्या पानांतून निघून कोळशाच्या पानांत जाऊन बसतात. गाडी चालूं लागली कीं ते स्वगृहीं परततात. पण मधल्या द्रवांतून जावयाचें तर लिथियमनें आपला इलेक्ट्रॉन मागें ठेविला पाहिजे, कारण इलेक्ट्रॉनास ती वाट बंद आहे. तो बिचारा बाहेरच्या तारेनें वळसा घालून जातो, आणि नेमकें त्या वळशावरच गाडीचें यंत्र बसविलेलें असतें. पाणचक्कीवरून जातां जातां पाणी जसें तिला फिरवितें, तसें इलेक्ट्रॉन चाकें फिरवितात. या बॅटरीच्या एका किलोच्या घटांत एका युनिटाचा चौथा ते सहावा हिस्सा मावतो. शिशाच्या मानानें पांच-सातपट शिदोरी झाली.

१९९१ सालीं सोनी कंपनीनें ही बॅटरी बाजारांत आणली, ती मोटारीसाठीं नव्हे तर हातांतील कॅमेऱ्यासाठीं. मार्टिन एबरहार्ड व मार्क टारपेनिंग या अमेरिकन गृहस्थांनीं २००३ सालीं टेस्ला कंपनी काढली. संगणकांतील बोटाएवढ्या हजारों बॅटऱ्या जोडून तिनें २००८ सालीं मोटार रस्त्यावर आणली. इलॉन मस्क यांचें द्रव्य व नंतर नेतृत्व तिला लाभलें. चीनमध्यें वांग चुआनफू या रसायनज्ञांनीं १९९५ सालीं बीवायडी हा बॅटरींचा कारखाना काढला होता. पुढें तेथूनच मोटारी निघूं लागल्या. कारखाने वाढले तशी किंमत उतरली. २०१० पासून पंधरा वर्षांच्या आंत ती सुमारें नव्वद टक्क्यांनीं खालीं आली.

येथें एक कटु गोष्ट सांगितली पाहिजे. जगांतील बहुतेक कोबाल्ट आफ्रिकेंतील कांगो देशांतून येतें, आणि तेथील कांहीं खाणींत आपल्या विद्यार्थ्यांच्या वयाचीं मुलें राबतात, हें २०१६ सालीं ॲम्नेस्टी या संस्थेनें उघडकीस आणलें. यावरील एक तोड गुडइनफ यांच्याच प्रयोगशाळेंतून निघाली होती. १९९७ सालीं टेक्सासमध्यें त्यांनीं व अक्षय पाढी, नंजुंडस्वामी या भारतीय संशोधकांनीं कोबाल्टऐवजीं लोखंड व फॉस्फेट वापरून दाखविलें. ही बॅटरी थोडी जड, पण स्वस्त व शांत स्वभावाची आहे. पुण्याजवळ रांजणगांवास तयार होऊन २०२० सालीं निघालेल्या विजेच्या नेक्सॉन मोटारींत हीच लोखंडी बॅटरी बसविली गेली. तथापि गाडीस नळकांडें नाहीं म्हणून धूर नाहींसा झाला असें मात्र समजूं नये. आपल्या देशांतील निम्म्याहून पुष्कळ अधिक वीज अजून दगडी कोळशावर होते. मुंबईच्या रस्त्यावरचा धूर कांहीं अंशीं चंद्रपुरास जातो, एवढेंच.

व्हिटिंगहॅम, गुडइनफ व योशिनो यांस २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. गुडइनफ त्या वेळीं ९७ वर्षांचे होते. इतक्या वयांत हें पारितोषिक त्यापूर्वीं कोणासहि मिळालें नव्हतें. त्यांचें व्याख्यान त्यांच्या वतीनें स्टॉकहोम येथें अरुमुगम मंथिराम यांनीं दिलें. हे मूळचे तामीळनाडूचे, आणि पूर्वीं ऑक्सफर्डास त्यांच्या हाताखालीं काम केलेले. गुडइनफ २०२३ सालीं वारले. नव्वदी उलटल्यावरहि ते प्रयोगशाळेंत येत. बॅटरींतील पेट घेणाऱ्या द्रवाच्या जागीं एखादा घन पदार्थ घालतां येईल काय, हें ते शोधीत होते. तें काम अजून अपुरें आहे.