न दिसणं आणि नसणं

मंडळी, आम्ही डॉक्टर खरे, पण तत्त्वज्ञानातले. तेव्हा औषध आम्हाला विचारू नका. आज घेतलेला आजार फार विरळा आहे: लहान आतड्यातच उगम पावणारा मेलानोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. आतड्यात तो सापडला तर बहुतेक वेळा कातडीतून आलेला पाहुणा असतो. मग 'हा इथलाच' असं कशावरून म्हणायचं?

समजा, दौंडच्या एका गृहस्थांना दम लागतो. रक्त कमी निघतं, रक्तवाढीच्या गोळ्या सुरू होतात. आता लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं, आणि आत रक्त पाझरलं तरी काळंच होतं! महिने जातात. मग पुण्याला दुर्बीण. तोंडातून घातलेली लहान आतड्याच्या सुरुवातीला थांबते, खालून घातलेली त्याच्या शेवटाशी. मधलं कित्येक मीटर आतडं तसंच राहतं, आणि घरी सांगतात, 'सगळं नॉर्मल.' अहो, जिथं पाहिलंच नाही तिथलं नॉर्मल कसं?

कुमारिल भट्टांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. पण त्याला अट आहे: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात घागर दिसत नाही, म्हणजे ती नाही. अंधारात दिसली नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. म्हणून मधल्या भागासाठी सीटी स्कॅन, गिळायची कॅमेऱ्याची कॅप्सूल (आतडं अडल्याची शंका असेल तर ती नको, अडकून बसते).

गाठीचा तुकडा तपासून, एस-१००, एचएमबी-४५ यांसारख्या खुणांवरून मेलानोमा ठरतो. तो कुठून आला, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी टाळूपासून तळव्यापर्यंत कातडी, डोळे, गुदद्वार बघायचं, पेट स्कॅन करायचा. आपल्याकडे तळवा फार महत्त्वाचा. शिरूरकडचा शेतकरी तिथल्या काळ्या डागाला 'काटा मोडला असेल, कुरूप असेल' म्हणून सोडून देतो. कुणी पूर्वी तीळ जाळून घेतलेला असतो, तो तपासायला गेलेलाच नसतो. आणि कधी कधी शरीराची प्रतिकारशक्तीच मूळ डाग पुसून टाकते! त्यामुळे 'इथलाच' हा निकाल परिशेषाने लागतो, म्हणजे बाकीचं वगळून, आणि थोडा कच्चाच राहतो.

उपचार थोडक्यात सांगतो. रोग तेवढ्याच भागात असेल तर तो आतड्याचा भाग लसिकाग्रंथींसह काढून टोकं जोडतात. पसरला असेल तर इम्युनोथेरपी. जुन्या केमोचा फारसा उपयोग होत नाही. प्रतिकारशक्तीचे लगाम सोडणाऱ्या या संशोधनाला २०१८चं नोबेल मिळालं. खर्च मोठा आहे, सगळ्यांना गुण येतोच असं नाही.

म्हणून मुंबईला टाटात जाताना जुने कागद न्या, आणि पूर्वी तीळ काढला असेल तर कधी, कुठला, ते न विचारता सांगा.