बाप नादार झाला, तर लेकराच्या पासबुकाचे काय?



गेल्या हंगामात गट ऑफिसात ऊस नोंदीसाठी आलेल्या एका जुन्या सभासदांनी मला बाजूला घेतले. त्यांची लेक रायगडच्या किनाऱ्यावर, रेवदंड्याला दिलेली. जावयाची तिथे नारळ-सुपारीची वाडी आणि जोडीला सुपारीचा छोटा व्यापार. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले आणि त्या पट्ट्यातल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. आपला ऊस लोळला तर तोटा होतो, पण पुढच्या लागणीला माणूस पुन्हा उभा राहतो. सुपारीचे झाड पडले की नव्या रोपाला फळ धरायला सहा-सात वर्षे जातात. व्याज तेवढे दिवस थांबत नाही. जावयाने वाडीसाठी बँकेचे काढले, व्यापारासाठी बाहेरचे काढले, आणि शेवटी जून २०२४ मध्ये अलिबागच्या कोर्टात नादारीचा अर्ज दिला.

"वकीलसाहेब, नातवाच्या खात्यावर दर दिवाळीला मी उसाच्या बिलातलं पैसं टाकत आलोय. जावयाला कर्ज दिलेल्या बँकेनं आता ते खातंच अडवून धरलंय. माझं पैसं बी त्याच्या देण्यात गेलं म्हणायचं का?"

नाही गेले. पण हा प्रश्न आपल्यापैकी कुणाच्याही घरात येऊ शकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे मुंबई शहर सोडून इतरत्र माणसाच्या दिवाळ्याचा विचार प्रांतिक नादारी कायदा, १९२० याखाली होतो. मुंबईसाठी १९०९ चा वेगळा कायदा आहे. २०१६ साली दिवाळखोरीची नवी संहिता आली, पण व्यक्तींबाबतचा तिचा भाग १ डिसेंबर २०१९ रोजी लागू केला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. तेव्हा शेतकऱ्याला आणि छोट्या व्यापाऱ्याला इंग्रजांच्या वेळचाच कायदा. कोर्टाने नादार ठरवले की त्या माणसाची मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि ती विकून धनकोंना वाटप होते. शेतकऱ्याची अवजारे, पोटापाण्यापुरती जनावरे, बियाणे आणि राहते घर दिवाणी कायद्याने जप्तीतून वगळलेले आहे, ते यातूनही सुटते.

यात मेख आहे ती 'त्या माणसाची मालमत्ता' या शब्दांत. मुलाच्या खात्यावर 'अ. पा. क.' असे लिहून बापाचे नाव असते. अज्ञान पालनकर्ता. म्हणजे बाप तिथे राखणदार आहे, धनी नव्हे. राखणदाराचे दिवाळे निघाले म्हणून राखलेला माल त्याच्या सावकाराचा होत नाही. त्या बँकेलाही बापाचे कर्ज मुलाच्या खात्यातून वळते करता येत नाही. वळते करायला देणेकरी आणि खातेदार एकच, आणि एकाच नात्याने असावे लागतात. येथे कर्जदार बाप आहे, ठेवीदार मूल आहे. शाखेतल्या साहेबांना संगणकावर दोन्हीकडे एकच नाव दिसते आणि ते खाते थोपवून ठेवतात. लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी, आणि तरी न ऐकल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.

आता दुसरी बाजू, कारण फसवणूक इथेच होते. नाव मुलाचे असले म्हणजे पैसा मुलाचा झालाच असे नाही. कर्ज डोक्यावर आले की घाईने मुलांच्या नावे ठेवी करायच्या, ही युक्ती जुनी आहे आणि कायद्यालाही ती जुनीच माहीत आहे. १९२० च्या कायद्याचे कलम ५३ सांगते की नादारीचा अर्ज दाखल होण्याआधीच्या दोन वर्षांत मोबदला न घेता केलेले हस्तांतर कोर्ट रद्द करू शकते.

या जावयाचे कागद मी पाहिले तेव्हा तीन प्रकारचे पैसे निघाले. मुलीचे पोस्टातले सुकन्या समृद्धी खाते २०१६ पासूनचे, महिना हजार रुपये न चुकता. ही योजना जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली आणि दहा वर्षांच्या आतल्या मुलीचे खाते तीत उघडता येते. २०२२ च्या जूनपर्यंतचे हप्ते बाप सावरलेला असताना दिलेले, ते मुलीचेच. त्यानंतरच्या दोन वर्षांच्या हप्त्यांवर, म्हणजे चोवीस हजारांवर, रिसीव्हर बोट ठेवू शकेल. ठेवीलच असे नाही. दुसरी, मुलाच्या नावे जानेवारी २०२४ मध्ये केलेली दोन लाखांची मुदत ठेव. अर्जाआधी पाचच महिने! ती टिकणार नाही, हे मी आजोबांना तोंडावर सांगितले. आणि तिसरे, त्यांनी स्वतः टाकलेले दिवाळीचे पैसे. ते जावयाने कधी दिलेच नव्हते, तर त्याने केलेले हस्तांतर म्हणून रद्द काय करणार? ते नातवाचे.

पण हे सिद्ध कशावर झाले? पासबुकावर. आजोबांनी रोख न देता आपल्या खात्यावरून चेकने भरले होते. रोख दिले असते आणि जावयाने भरले असते, तर आज ते बापाचेच दिसले असते. त्याच खात्यातून बाप महिन्याला काढघाल करीत असता, तर हे खाते नावापुरतेच मुलाचे आहे असेही कोर्टाला म्हणता आले असते. आपल्याकडे कित्येक जण पोराच्या खात्यावर खताचे नि ट्रॅक्टरच्या भाड्याचे पैसे फिरवतात. ते बंद करा.

वडिलोपार्जित एकत्र शेतीचा पैसा असेल तर गुंता वाढतो. पूर्वी बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य मानून धनको मुलाच्या हिश्श्यावरही येत. ९ सप्टेंबर २००५ पासून, वारसा कायद्याच्या दुरुस्तीने, त्यानंतरच्या कर्जांपुरते ते संपले. मात्र कर्त्याने कुटुंबाच्या खऱ्या गरजेसाठी काढलेले कर्ज एकत्र मिळकतीवर आजही येते.

कोर्टाबाहेरची भीती याहून मोठी. सावकार ओटीवर बसतो आणि म्हणतो, पोरांची खाती मोडा नि माझे भागवा. दिवाळे निघाल्याने बापाचे पालकपण जात नाही. हिंदू पालकत्व कायद्याप्रमाणे ते धर्म सोडल्याने किंवा संन्यास घेतल्याने जाते. म्हणजे सही करायला तो मोकळा असतो. पण पालकाने अज्ञानाच्या हितासाठीच वागले पाहिजे आणि सज्ञान झाल्यावर मूल हिशोब मागू शकते. माझे मत विचाराल तर नवे खाते आईच्या पालकत्वाने उघडावे. बाप लक्ष देत नसेल तर त्याच्या हयातीतही आई पालक ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन यांच्या प्रकरणात १९९९ मध्ये सांगितले आहे. दहा वर्षांवरील मुलाला स्वतः खाते चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ पासून बँकांना दिली आहे, तीही वापरावी.

पी.पी.एफ. खाते तर खातेदाराच्या देण्यासाठी जप्तच होत नाही. आणि सभासदांनो, आपल्या कारखान्याचा शेअरही! महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० चे कलम ३१ पाहा: संस्थेच्या भांडवलातला सभासदाचा हिस्सा बाहेरच्या देण्यासाठी जप्त होत नाही, नादारीतला रिसीव्हरही त्यावर हक्क सांगू शकत नाही. संस्थेचे स्वतःचे येणे मात्र त्यातून वळते होते, ही गोष्ट वेगळी.

रेवदंड्याच्या त्या ताईंना वकिलाचा खर्च झेपणार नव्हता. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला आणि मुलाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अलिबागला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे ऑफिस आहे. जाताना मुलांची पासबुके, जन्माचे दाखले, पैसे कुणी भरले त्याच्या पावत्या आणि कोर्टाच्या नोटिशीची नक्कल बरोबर न्यायला सांगितले आहे. आजोबांनी आपल्या खात्याचा गेल्या आठ वर्षांचा उतारा बँकेतून काढून तिकडे पाठवला.