कलावस्तुसंग्रह
कलावस्तुसंग्रह : देशोदेशींच्या पुराणवस्तू व ललित कलाकृती निवडून मिळविणे, त्यांची ओळख पटविणे, नोंद ठेवणे आणि त्यांचे जतन करणे, या व्यासंगास ही संज्ञा लावतात. पुराणवस्तूचे महत्त्व मुख्यतः तिच्या वयावर व ऐतिहासिक साक्षीवर अवलंबून असते, तर कलाकृतीचे तिच्या घडणीतील गुणवत्तेवर. पुष्कळ वस्तूंमध्ये हे दोन्ही गुण एकत्र आढळतात. केवळ जुन्या वस्तूंचा साठा म्हणजे संग्रह नव्हे. संग्रहामागे निवडीचे काही सूत्र असावे लागते आणि प्रत्येक वस्तू कोठली, कोणत्या काळातील व कोणाकडून आली, याची माहिती तिच्याबरोबर टिकावी लागते. ही माहिती नाहीशी झाली, तर वस्तू सुंदर असूनही अभ्यासकाच्या दृष्टीने जवळजवळ मुकी होते.

इतिहास : सोळाव्या-सतराव्या शतकांत यूरोपातील राजे, सरदार व विद्वान यांनी दूरदेशींच्या अपूर्व वस्तूंची दालने सजविली. त्यांतूनच पुढे सार्वजनिक संग्रहालये उदयास आली. ऑक्सफर्ड येथील ॲशमोलियन संग्रहालय (१६८३) व लंडनचे ब्रिटिश म्यूझियम (स्थापना १७५३) यांचा पाया खाजगी संग्रहांवरच घातला गेला. भारतात राजवाड्यांतील जामदारखाने, शिलेखाने व ग्रंथसंग्रह यांतून मौल्यवान वस्तू जपल्या जात, तथापि त्या सर्वसामान्यांस पाहावयास मिळत नसत. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणीस (१७४२–१८००) यांनीही चित्रे बाळगली होती. त्यांच्या संग्रहातील काही वस्तू पुढे शेठ पुरुषोत्तम मावजी यांच्याकडे आल्या आणि मावजींचा संग्रह १९१५ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियमच्या (१९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) विश्वस्तांनी विकत घेतला. एखादी वस्तू वाड्यातून संग्राहकाकडे व तेथून लोकांसमोर कशी येते, याचे हे बोलके उदाहरण होय.

टाटा बंधूंचे संग्रह : जगभरच्या कलावस्तूंचा महाराष्ट्रातील विशेष उल्लेखनीय संचय सर रतन टाटा (१८७१–१९१८) व त्यांचे ज्येष्ठ बंधू सर दोराबजी टाटा (१८५९–१९३२) यांनी केला. यूरोपीय तैलचित्रे, चिनी व जपानी चिनी-मातीची भांडी, हरिताश्माच्या (जेडच्या) कोरीव वस्तू, हस्तिदंती काम, काचपात्रे व भारतीय लघुचित्रे अशी त्यांच्या आवडीची व्याप्ती होती. रतन टाटा यांचा संग्रह १९२१ साली व दोराबजींचा १९३३ साली उपर्युक्त संग्रहालयास लाभला. १० जानेवारी १९२२ रोजी हे संग्रहालय लोकांस खुले झाले, तेव्हा मुंबईकरांस परदेशी न जाता पूर्व आशिया व यूरोप यांतील कारागिरी एकाच वास्तूत पाहता येऊ लागली. रतन टाटा यांनी १९१३ पासून पाटलिपुत्राच्या उत्खननासही आर्थिक साहाय्य केले, ही बाब येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. उत्खननात मिळालेल्या वस्तूचा थर व स्थान नोंदलेले असते. बाजारातून आलेल्या वस्तूला असा आधार क्वचितच असतो. एकाच संग्राहकाने ज्ञानाच्या या दोन्ही वाटांना हातभार लावला.

बडोदे : मराठी राज्यकर्त्यांपैकी महाराज सयाजीराव गायकवाड, तिसरे (१८६३–१९३९) यांनी संग्रहाकडे प्रजेच्या शिक्षणाचे साधन म्हणून पाहिले. बडोद्याच्या संग्रहालयाची वास्तू १८९४ मध्ये पूर्ण झाली. तिला जोडून चित्रवीथी उभारण्याचे काम १९०८ मध्ये सुरू होऊन १९१४ मध्ये संपले. तिच्यासाठी यूरोपीय चित्रे निवडण्याचे काम इंग्रज कलासमीक्षक मॅरियन स्पीलमन (१८५८–१९४८) यांच्याकडे सोपविण्यात आले होते. पहिल्या महायुद्धामुळे चित्रे यूरोपातून येण्यास विलंब लागला आणि चित्रवीथी १९२१ मध्ये उघडली. स्वतःच्या आवडीवरच विसंबून न राहता तज्ञाकडून निवड करून घेणे, हा या संग्रहाचा विशेष होय.

औंध : सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार होते. यमाई देवीच्या डोंगरावर त्यांनी बांधलेले श्री भवानी संग्रहालय १९३८ मध्ये खुले झाले. राजा रविवर्मा व इतर भारतीय चित्रकारांच्या कृती, लघुचित्रे, हस्तिदंती व काष्ठशिल्पे यांबरोबरच यूरोपीय अभिजात चित्रांच्या व शिल्पांच्या प्रतिकृतीही तेथे आहेत. इंग्रज शिल्पकार हेन्री मूर (१८९८–१९८६) याचे माता व बालक या विषयावरील पाषाणशिल्प तेथे पाहावयास मिळते, हे अनेकांस आश्चर्याचे वाटते. बाळासाहेबांना प्रतिकृती ठेवण्यात कमीपणा वाटला नाही. ज्या विद्यार्थ्याला इटलीस जाणे शक्य नव्हते, त्याच्या दृष्टीने चांगली प्रतिकृतीही गुरूचे काम करी. मात्र प्रतिकृती ही प्रतिकृती म्हणून नोंदली गेली, तरच ती शिकविते. तशी नोंद नसल्यास ती दिशाभूल करते.

केळकर संग्रह : या तिन्ही संग्रहांमागे मोठी संपत्ती वा राजसत्ता होती. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांच्याकडे यांपैकी काहीच नव्हते. चष्म्यांचा व्यवसाय करणारे व ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे केळकर सु. १९२० नंतर गावोगाव हिंडून वस्तू जमवू लागले. दिवे, अडकित्ते, दौती, कुलुपे, वज्ऱ्या, वाद्ये, कोरीव दरवाजे अशा नित्योपयोगी वस्तूंकडे त्यांचे लक्ष गेले. कोथरूड येथील मस्तानी महालाचे अवशेष आणून तो संग्रहालयात पुन्हा उभारण्यात आला. बालवयात निवर्तलेल्या ‘राजा’ या पुत्राच्या स्मरणार्थ संग्रहालयास नाव देऊन त्यांनी सु. वीस हजार वस्तूंचा हा ठेवा महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्त केला. मोडीत जाणाऱ्या पितळेत व जळणात जाणाऱ्या लाकडात संस्कृतीचा इतिहास पाहण्याची दृष्टी त्यांनी महाराष्ट्राला दिली.

पारख व प्राप्तिवृत्त : वस्तूची पारख तीन अंगांनी करतात. पहिले अंग शैलीचे : आकार, अलंकरण, लिपी व मुद्रा यांवरून काळ व प्रदेश ठरवितात. दुसरे द्रव्याचे : भाजलेल्या मातीचे वय तापदीप्ती पद्धतीने, तर लाकूड, कापड इ. सेंद्रिय द्रव्यांचे किरणोत्सर्गी कार्बनाच्या साहाय्याने अजमावता येते. क्ष-किरणांनी जोडकाम व दुरुस्ती उघड होते. तिसरे अंग प्राप्तिवृत्ताचे, म्हणजे वस्तू कोठून निघाली व कोणाकोणाच्या हातून आली याच्या पुराव्याचे. आम्ले व मातीत पुरणे यांसारख्या उपायांनी नव्या धातुमूर्तीवर जुनेपणाचा लेप चढविता येतो. प्रयोगशाळेत द्रव्य जुने ठरले, तरी घडण नवी असू शकते. म्हणून तिन्ही अंगांचा मेळ बसल्याखेरीज निर्णय देणे धोक्याचे असते.

प्राप्तिवृत्ताचा प्रश्न केवळ अस्सलपणाचा नाही, तो न्यायाचाही आहे. देवळातून चोरलेली मूर्ती विकत घेणारा संग्राहक अजाणतेपणी का होईना, त्या चोरीला बाजार मिळवून देतो. तमिळनाडूतील पात्तूर येथील नटराजाची कांस्यमूर्ती लंडनमध्ये आढळल्यावर तिच्यासाठी इंग्लंडच्या न्यायालयात खटला चालला. न्यायालयाने भारतीय पक्षाचा हक्क मान्य केल्यावर ती १९९१ मध्ये परत आली. शेतातून किंवा भग्न देवळातून नोंदीविना हलविलेल्या सामान्य वीरगळांच्या बाबतीत मात्र असा शोध घेणेही अशक्य होते. तो कोणत्या गावचा, हेच कोणास ठाऊक नसते.

कायदा : भारतात १९७२ चा पुराणवस्तू व कलानिधी अधिनियम ५ एप्रिल १९७६ पासून अंमलात आहे. त्यानुसार शंभर वर्षांहून कमी नसलेल्या शिल्प, चित्र, नाणे, कोरीव लेख इ. वस्तू पुराणवस्तू ठरतात. शास्त्रीय, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मूल्याच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. शिल्पे, चित्रे व सचित्र हस्तलिखिते यांसारख्या अधिसूचित वस्तूंची नोंदणी करावी लागते, विक्रीच्या व्यवसायास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीस त्या निर्यात करता येत नाहीत. मुंबई वा न्हावाशेवा बंदरातून जुनी दिसणारी वस्तू परदेशी धाडावयाची असल्यास, ती पुराणवस्तू नसल्याचे पुरातत्त्व विभागाचे प्रमाणपत्र मिळविणे हितावह असते. रवींद्रनाथ टागोर, अमृता शेरगील, राजा रविवर्मा आदी नऊ चित्रकारांच्या कृती कलानिधी म्हणून घोषित आहेत. सांस्कृतिक संपत्तीच्या अवैध व्यापारास प्रतिबंध करणारा यूनेस्कोचा १९७० चा करार भारताने १९७७ मध्ये स्वीकारला.

जतन : वस्तूंचा ऱ्हास मुख्यतः आर्द्रता, प्रकाश, कीड व चुकीची हाताळणी यांमुळे होतो. खाडीकाठी वसलेल्या नवी मुंबईसारख्या नगरात पावसाळी हवा अतिशय दमट असते. तेथील घरगुती संग्राहकाने चित्रे बाहेरच्या ओल्या भिंतीवर टांगू नयेत. चौकटीमागे हवा खेळती ठेवावी. लघुचित्रे व वस्त्रे यांवर सु. ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू देऊ नये. कांस्यवस्तूवर फिकट हिरवी भुकटी दिसू लागल्यास तो क्षारजन्य विकार समजून वस्तू कोरड्या जागी वेगळी ठेवावी आणि तज्ञास दाखवावी. चिंच वा लिंबू लावून घासण्याची घरगुती रीत जुन्या धातूच्या पृष्ठावरील गंज-थराबरोबर त्याचा इतिहासही पुसून टाकते.

संग्राहकाने प्रत्येक वस्तूस क्रमांक देऊन छायाचित्र, मोजमाप, द्रव्य, खरेदीची तारीख व स्थळ, विकणाऱ्याने सांगितलेली हकीकत आणि दोष-दुरुस्ती यांची नोंदवही ठेवावी. सांगितलेली हकीकत व पडताळलेली माहिती या दोहोंची नोंद वेगळी असावी. संग्राहकाच्या पश्चात वारसांत वाटणी होऊन पुष्कळ संग्रह विखुरतात. वस्तू उरतात, पण त्यांना एकत्र आणणारी दृष्टी लोपते. टाटा, पंतप्रतिनिधी व केळकर यांचे संग्रह आज अभ्यासकास उपलब्ध आहेत, याचे कारण त्यांनी ते वेळीच समाजाच्या स्वाधीन केले. ज्यास तसे करणे शक्य नाही, त्यानेही नोंदवही नीट ठेवल्यास संग्रह विखुरल्यावरही त्यातील ज्ञान शिल्लक राहू शकते.