मोबाइलमधील दोन शेजारी

कृष्णा व तारळी यांच्या संगमाजवळ वसलेलें उंब्रज हें गांव पुणें-बंगळूर हमरस्त्यावर आहे. हमरस्त्यालगत मोबाइलला रेंज बहुधा सुरळीत मिळते. परंतु तेथून पश्चिमेस चाफळच्या बाजूला वळलें आणि एखादा डोंगर आड आला कीं, पडद्याच्या कोपऱ्यांतील काड्या एकेक करून मावळूं लागतात. घरांत कोणी अत्यवस्थ असावें, १०८ क्रमांकाला फोन लावावयाचा असावा, आणि यजमानानें मोबाइल उंच धरून अंगणभर फिरावें, हा प्रसंग डोंगराकडेच्या वस्त्यांना नवा नाहीं. अशा वेळीं दोष साहजिकच टॉवरला दिला जातो. टॉवर दूर असतो हें खरें; तथापि कित्येकदां अडथळा आणणारा दुसरा एक इसम हातांतल्या उपकरणांतच, अँटेन्यापासून बोटभर अंतरावर बसलेला असतो. ज्यावर बोट फिरवावयाचें तो पडदाच तो इसम होय.

मोबाइल टॉवरशीं बोलतो तेव्हां फोरजी पद्धतींत तो फार तर ०.२ वॅट शक्ति बाहेर टाकतो. टूजी पद्धतींत हा आकडा २ वॅटपर्यंत जातो. उलट टॉवरकडून त्याच्यापर्यंत जें पोंचतें तें, टापूच्या कडेला, एका वॅटच्या दहा लक्ष कोटीव्या भागाइतकें क्षीण असूं शकतें. साखर कारखान्याच्या चरकाशेजारीं उभें राहून बांधापलीकडच्या माणसाची कुजबूज ऐकावी, तसें हें श्रवण आहे. गोंगाट दहापट वाढला तर कुजबूजही दहापट मोठी लागते. मोकळ्या मैदानांत लहरींची शक्ति अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत घटते. त्यामुळें पूर्वी तीन कोसांवरून ऐकूं येणारा टॉवर मग जेमतेम एका कोसावरून ऐकूं येईल. 

आतां पडद्याचें काम कसें चालतें तें पाहिलें पाहिजे. कांचेखालीं इंडियम व कथिल यांच्या ऑक्साइडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या, आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी असते. एका बाजूच्या पट्ट्यांना विजेचे ठोके दिले जातात आणि दुसऱ्या बाजूच्या पट्ट्या ते ऐकत असतात. बोट टेकलें कीं त्या ठिकाणचा थोडा विद्युत्भार बोट ओढून घेतें. ऐकणाऱ्या पट्टीला ठोका किंचित् मंद लागतो, आणि त्या मंदपणावरूनच बोटाचा ठाव कळतो. हे ठोके सेकंदाला लाखांच्या घरांत असतात. चित्र रंगविणाऱ्या तारांतून तर कोट्यवधि ठोके धांवतात. अँटेना ज्या लहरी ऐकतो त्यांचीं कंपनें बहुधा सत्तर कोटींच्याही वर. मग त्यांना यांचा उपद्रव कां व्हावा? तंबोरा जाणणाऱ्यास याचें उत्तर सांगावयास नको. तार एकच छेडली तरी मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर उमटतात. विजेचा ठोका जितका कोरीव, तितकीं हीं गुणित कंपनें वर चढतात, आणि त्यांतलें एखादें नेमकें अँटेन्याच्या कानांत जाऊन बसतें.

भांडण एकतर्फी मात्र नाहीं. घंटी वाजण्याच्या अगोदर जवळचा मोबाइल रेडिओंत 'टर्र-टर्र' असा नाद काढी, हें रेडिओच्या जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. टूजीचा मोबाइल सेकंदाला सुमारें २१७ वेळां लहरींचे झटके सोडतो. लहरी कानाला ऐकूं येत नाहींत, झटक्यांची लय येते. असा झटका पडद्याच्या ऐकणाऱ्या मंडलांत शिरला कीं त्याला बोट टेकल्याचा भास होतो, अथवा टेकलेलें बोट दिसेनासें होतें. टॉवर दूर गेला कीं मोबाइल अधिक जोरानें ओरडतो. म्हणजे डोंगराआड हेंही दुखणें बळावतें.

यावरील जुना व खात्रीचा उपाय कवचाचा. गोंगाट करणाऱ्या मंडलांवर धातूचें टोपण घालतात, पडद्याच्या तारांच्या फितीवर पातळ पत्रा चिकटवितात आणि तो धातूच्या सांगाड्याला ठिकठिकाणीं टेकवितात. सारी मदार या टेकविण्यावर. अधांतरीं राहिलेला पत्रा कवच न होतां स्वतःच दुसरा अँटेना होऊन बसतो. पडद्याच्या तोंडावर मात्र कवच घालतां येत नाहीं, कारण मग बोटच लागणार नाहीं. तेथें युक्ति लढवितात. ठोके थांबवून पडदा क्षणभर नुसता कानोसा घेतो आणि जेथें शांतता असेल त्या कंपनसंख्येवर आपले ठोके हलवितो. कधीं एकच ठाव अनेकदां मोजून सरासरी काढतो. यांत वेळ व बॅटरी दोन्ही खर्चीं पडतात.

पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें हाच प्रश्न प्रचंड प्रमाणावर सोडवावा लागला आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभारलेल्या तेथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या, प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारें २५ किलोमीटरांच्या टापूंत पसरल्या आहेत. त्या दूरच्या आकाशगंगांच्या लहरी टिपतात. त्यांच्यापुढें मोबाइलची कुजबूज म्हणजे गर्जनाच, आणि म्हणून पाहुण्यांना आपले मोबाइल बंद ठेवावे लागतात. पण दुर्बिणीचीं स्वतःचीं गणनयंत्रेंही गोंगाट करणारींच! त्यांना कवचबंद जागेंत कोंडावें लागतें, आणि तबकड्यांकडील संदेश कांचतंतूंतून आणले जातात.

खोडदला जें कवच खोलीएवढें आहे तें मोबाइलमध्यें कागदाइतकें पातळ असतें. फुटलेला पडदा बदलतांना तें काढून टाकलें गेलें, किंवा त्याच्या टेकण्याच्या जागीं डिंक व धूळ राहिली, तर गांवांत सगळ्या काड्या दिसत असतां कोणाच्याही ध्यानांत येत नाहीं. डोंगराआड मात्र शेजाऱ्याचा मोबाइल बोलतो आणि हा मुका राहतो. दुरुस्तीनंतर असें होऊं लागल्यास सिमकार्ड बदलण्यापूर्वी कारागिराकडून तो पत्रा तपासून घ्यावा. चार्जरचें दुखणें ओळखणें त्याहून सोपें आहे. हलक्या चार्जरमधील गोंगाट तारेवाटे आंत येतो, आणि त्याचीं कंपनें पडद्याच्या ठोक्यांच्या अगदीं जवळचीं असतात. त्यामुळें बोट एका अक्षरावर ठेवावें तर उमटतें दुसरेंच. चार्जरची तार काढतांच पडदा ताळ्यावर आला तर नवा पडदा घेण्याचें कांहीं कारण नाहीं. चार्जर तेवढा बदलावा.