विश्वासी घर आणि आपली चिकित्सा

साताऱ्यात आमचे एक लहानसे अभ्यासमंडळ होते. महिन्यातून एका रविवारी दहाबारा जण जमायचे. दोनतीन शिक्षक, काही कॉलेजची मुले, अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारे दोघे आणि सांगली जिल्ह्यातून एस.टी.ने येणारा मी. माझ्या निवृत्तीला तेव्हा दोन वर्षे उरली होती. अशाच एका बैठकीत आमच्या गावच्या मातंग वस्तीतील एका ख्रिस्ती घराचा विषय निघाला. घरातला टी.व्ही. विकून टाकलेला. मुलींच्या हातात बांगडी नाही, कपाळाला टिकली नाही. जत्रेचा नैवेद्य नाही, आणि भीमजयंतीच्या मिरवणुकीतही पाऊल नाही. ताप आला की डॉक्टर नाही. वडील डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणार. एका तरुण कार्यकर्त्याने त्या प्रार्थनेची नक्कल केली. सगळे हसले. मीही हसलो.

परतीच्या गाडीत मात्र ते हसू घशात अडकले. त्या घरातली थोरली मुलगी माझी विद्यार्थिनी होती. आठवी पास झाली आणि तिचे नाव हजेरीपटावरून गेले, त्याला सव्वा वर्ष झाले होते. गणितात वर्गात पहिली. ती घरी का बसली हे मला ठाऊक होते, तरी मी त्या दारात गेलो नव्हतो. का गेलो नव्हतो, याचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते येथे मांडतो. आपल्या चळवळीतल्या पुष्कळांची अडचण याच जागी आहे, असे मला वाटते.

दोन प्रवाह

अशा घराला आपण सरसकट ‘मिशनऱ्यांचे’ म्हणतो. ते बरोबर नाही. आपल्या भागात ख्रिस्ती धर्म आला तो शाळा आणि इस्पितळ बरोबर घेऊन. विल्यम वानलेस यांनी मिरजेला इस्पितळ उभे केले ते १८९४ साली. सांगली-मिरजेच्या दरम्यान वानलेसवाडी आजही त्यांच्या नावाने आहे. त्या धर्मात प्रार्थना होती आणि शस्त्रक्रियेची टेबलेही होती. डॉक्टर नको म्हणणारी शिकवण तिथून आलेली नाही.

ती दोन वेगळ्या प्रवाहांतून आली. पहिला पोथीनिष्ठांचा. डार्विनचा उत्क्रांतिवाद आणि बायबलची ऐतिहासिक चिकित्सा यांनी हादरलेल्या अमेरिकेतील काही धर्मपंडितांनी १९१० ते १९१५ या काळात ‘मूलतत्त्वे’ अशा अर्थाच्या नावाची बारा पुस्तके काढली. तेलाच्या धंद्यात गबर झालेल्या लायमन स्ट्यूअर्ट या उद्योगपतीचा पैसा त्यामागे होता. बायबलचा शब्दन् शब्द निर्दोष आहे, हा त्यांचा गाभा. आज सर्व धर्मांतल्या कडव्यांना लावला जाणारा ‘मूलतत्त्ववादी’ हा शब्द तिथलाच. त्याच वादातून १९२५ साली टेनेसी राज्यातील डेटन गावी शाळेत उत्क्रांती शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर खटला झाला.

दुसरा प्रवाह आत्म्याच्या संचाराचा. अनोळखी भाषेत बोलणे आणि प्रार्थनेने रोग बरे करणे यावर भर देणारा. त्याचा एक मोठा उगम लॉस एंजलिस शहरातील अझुसा स्ट्रीटवर १९०६ साली झाला आणि त्याचा पुढारी होता विल्यम सेमूर हा काळा माणूस. त्याचे आईबाप गुलामगिरीत होते. ही शिकवण तो एका गोऱ्या गुरूकडे शिकला तेव्हा काळ्यांनी गोऱ्यांच्या रांगेत बसायचे नाही म्हणून त्याला वर्गाबाहेर, दारापाशी बसून ऐकावे लागले. चोखोबाला देवळाबाहेर उभे करणाऱ्या देशातल्या माणसांना हे समजावून सांगायला नको. सेमूरच्या सभेत काळेगोरे एकत्र गुडघे टेकीत होते. हा धर्म जगभरच्या झोपडपट्ट्यांत इतक्या वेगाने का पसरला, याचे एक उत्तर त्या दारापाशी आहे.

आमच्या वस्तीतल्या घरात हे दोन्ही प्रवाह मिसळले होते. पुस्तकाचा शब्द पहिल्याचा, तेल लावून केलेली प्रार्थना दुसऱ्याची. त्यात तिसरी गोष्ट होती कुटुंबाच्या उतरंडीची. अमेरिकेत या विचाराची घरे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात. काही जण संततिनियमन पाप मानतात. स्तोत्रसंहितेतील १२७व्या स्तोत्रात मुलांना बाणांची उपमा आहे, म्हणून भाता भरलेला असावा असा त्यांचा अर्थ. ख्रिस्ताची छत्री सर्वांत वर, तिच्याखाली नवऱ्याची, तिच्याखाली बायकोची आणि सर्वांत खाली मुले, अशी चित्रे तिथे शिबिरांतून दाखवली गेली. छत्रीबाहेर जाईल तो सैतानाच्या पावसात भिजेल. हे चित्र पाहिले आणि मला आपली उतरंडीची समाजव्यवस्था आठवली. तिथेही वरच्याने खालच्याचे रक्षण करायचे असते म्हणतात.

त्या घराला काय मिळाले

मग मी त्या दारात गेलो. अंगण सारवलेले, पोरे नीटनेटकी, भिंतीवर फक्त एक कॅलेंडर. वडील हातभट्टीवर पडलेले मी अनेकदा पाहिले होते; बायकोच्या अंगावरचे वळही पाहिले होते. आता सहा वर्षे दारूचा थेंब नाही. गावात ज्याला कोणी बापाच्या नावाने हाक मारली नव्हती, त्याला रविवारच्या सभेत ‘बंधू’ म्हणतात, उभे राहून साक्ष द्यायला सांगतात. आमच्या एकाही सभेत त्याला कोणी माईक दिला नव्हता. हे मी स्वतःच्या तोंडावर चपराक बसावी तसे लिहितो आहे.

त्याची किंमतही तो मोजत होता. १९५०च्या अनुसूचित जातींच्या आदेशात प्रथम फक्त हिंदू होते. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. म्हणून अशी पुष्कळ घरे कागदावर हिंदू आणि चुलीपाशी ख्रिस्ती असतात. सवलत टिकवायची तर श्रद्धा लपवायची. ज्याला बाहेर खरे बोलता येत नाही, तो घरात अधिक कडक होतो, असा माझा अनुभव आहे. बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या ख्रिस्ती होण्यावर जे लिहिले, त्यात मिशनांच्या शिक्षण-आरोग्याच्या कामाची नोंद आहे आणि चर्चमध्ये शिरलेल्या जातीवर कठोर टीकाही आहे. आपण त्यांतली सोयीची एक बाजू उचलतो.

त्या घराकडे जाताना माझे पाय का अडखळले, तेही आता सांगतो. धर्मांतरितांच्या दारात दगड घेऊन जाणारे लोक वेगळे असतात. मी प्रश्न विचारायला गेलो तर मला त्यांच्यात मोजतील, ही भीती होती. भीती खोटी नव्हती. पण त्या भीतीचे भाडे एका मुलीने भरले.

आपल्याही घरात

वडील म्हणाले, “गुर्जी, तुमी पोरीला शिकवलं, तुमचं उपकार हायत. पर जगाचं ज्ञान घेतलं की पोरगी जगाची व्हती. घरचा मालक म्या. देवाला जाब मला द्यायचाय.”

मला माझे वडील आठवले. १९५६नंतर त्यांनी आमच्या घरातले देव काढले. देव्हाऱ्यातले टाक त्यांनी आईच्या हातून कृष्णेत सोडायला लावले. ते योग्यच होते, असे मी मानतो. त्या देवांनी आम्हाला काय दिले होते? पण आईला कोणी विचारले नव्हते. म्हातारपणी तिने मला सांगितले, की एक टाक तिने ज्वारीच्या कणगीत तीन वर्षे लपवून ठेवला होता आणि मग एके दिवशी स्वतःच जाऊन नदीत टाकला. “तवा मी बौद्ध झाले,” ती म्हणाली. पहिल्यांदा आई नवऱ्याच्या हुकमाने बौद्ध झाली होती, दुसऱ्यांदा स्वतःच्या मनाने. धम्मात या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

सातारा जिल्ह्यातले कटगुण हे जोतीराव फुल्यांचे मूळ गाव. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे. त्यातील बाई बौद्ध धर्माचा ग्रंथ वाचून बौद्ध होईल, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी. आणि तरी सर्वांनी एकमेकांचा द्वेष न करता एकत्र नांदावे. जोतीराव मुलीला आधी ग्रंथ वाचायला देतात आणि मग तिचा धर्म तिला निवडू देतात, हे लक्षात घ्या. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले; लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, स्वतःच्या वेळी. हेच टिळक १९१७ साली मिशन सोडून साताऱ्याला आले आणि बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सर्वांसाठी त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. म्हणजे दार उघडे ठेवणारे ख्रिस्ती घर ही कल्पना आपल्या मातीला परकी नाही.

चिकित्सा कशी करावी

डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. डॉक्टर झाले ते मिरजेला. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली, तेव्हा शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध आणि धर्माची विधायक चिकित्सा या गोष्टी वेगळ्या करून मांडल्या. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे त्या कायद्याने गुन्हा आहे. पण तापलेल्या पोरापाशी आईबाप प्रार्थना करीत बसले तर तो कायदा सहजासहजी उंबरा ओलांडीत नाही. २००९चा शिक्षणहक्क कायदाही सहा ते चौदा वयापुरता; नववीत जाणाऱ्या मुलीचा हात तो नेमका तिथेच सोडतो. जिथे कायदा थांबतो, तिथे माणसाने जायचे असते.

मी उत्क्रांतीवर वाद घातला नाही. त्यांचेच पुस्तक उघडायला सांगितले. ज्या इफिसकरांस पत्रात बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावे असे आहे, त्याच पत्राच्या पुढच्या अध्यायात दासांनी धन्याची आज्ञा पाळावी असेही आहे. अमेरिकेतले मळेवाले गोरे तेच काळ्यांना वाचून दाखवीत. मी विचारले, “शब्दन् शब्द पाळायचा तर पाटलाच्या वाड्यावर पुन्हा राबायला जाल?” ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “त्ये त्या काळातलं आसंल.” मी म्हणालो, “मग बायकांचंही त्या काळातलं असेल.” गलतीकरांस पत्रात दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री असा भेद उरत नाही असे आहे, हे त्यांना माहीत होते, सभेत कोणी त्यावर बोलले नव्हते इतकेच. आणि लूक हा वैद्य होता, हे मी निघताना मुद्दाम बोललो.

त्या दिवशी काहीच झाले नाही. मी आणखी चारपाच वेळा गेलो. पुढच्या पावसाळ्यात धाकट्या पोराला ताप चढला तेव्हा आईने नवऱ्याला प्रार्थना करू दिली आणि मग पोराला पाठीशी बांधून ती सरकारी दवाखान्यात निघून गेली. नवरा मागोमाग गेला. मुलीने सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि बाहेरून दहावी दिली. अभ्यास केला तो माझ्या ओसरीवर, आमच्या मुलींबरोबर. एकटीने पाठवायला बाप तयार नव्हता म्हणून आई सोबत येऊन बसायची. मुलगी पास झाली. ती आजही दर रविवारी सभेला जाते, टिकली लावत नाही. मी तिला कधी विचारले नाही. तो तिचा प्रश्न आहे.

अभ्यासमंडळात मी हे सांगितले तेव्हा तो नक्कल करणारा कार्यकर्ता म्हणाला, “म्हणजे सर, अंधश्रद्धा तशीच राहिली.” राहिली, हे खरे आहे. प्रार्थनेने ताप उतरतो हे मी मान्य केलेले नाही, कधी करणारही नाही. पण आपल्या हसण्याने ते घर दार लावून घेत होते आणि आतल्या मुलीला बाहेर यायला एकही फट उरत नव्हती. दलितांच्या वस्तीत कोणी देव बदलला, की आपण दोनच गोष्टी करतो. हसतो किंवा गप्प बसतो. चिकित्सा ही तिसरी गोष्ट आहे. तिच्यासाठी त्या घराने काय मिळवले हे आधी मान्य करावे लागते, ते कोणाच्या जिवावर मिळवले हे मग विचारावे लागते, आणि हाच प्रश्न स्वतःच्या घरातही विचारावा लागतो. माझ्या आईने कणगीतला टाक तीन वर्षे लपवला, हे माझ्या वडिलांना शेवटपर्यंत कळले नाही. कोणी कधी विचारलेच नाही.